शेपटीवरचे दोघे

साकिरानला नाही म्हणता येत नसे. तसं आमच्या डोंगरात ते कुणालाच येत नाही. पाहुण्याने वाट विचारली आणि ती आम्हाला ठाऊक नसली, तरी आम्ही हात लांब करून कुठलीतरी दिशा दाखवतोच. उन्हातून आलेल्या माणसाला 'ठाऊक नाही' असं तोंडावर कसं सांगायचं? पण बाकीच्यांनी यातून पळवाट काढलेली आहे. ते मान लववून 'इंग्गिह' म्हणतात, म्हणजे 'होय जी', आणि मग ठरल्या दिवशी उगवतच नाहीत. ऐकणाराही समजून घेतो. साकिरानची अडचण अशी, की तो 'इंग्गिह' म्हणायचा आणि खरंच जायचा.

अशानेच तो सायकलवाल्यांच्या शेपटीला बांधला गेला. खाली योग्याकार्ता शहरात हौशी सायकलवाल्यांची एक मंडळी आहे. दर ऑगस्टात ते सामान सायकलींना लटकवून निघतात, इमोगिरीचा घाट चढतात आणि गुनुंगकिदुलच्या चुनखडीच्या डोंगरांतून दक्षिणेच्या समुद्रावर पोचतात. सगळ्यांच्या पुढे वाट दाखवणारा एक असतो आणि सगळ्यांच्या मागे एक. मागच्याने कुणाच्याही पुढे जायचं नाही. ज्याची साखळी तुटेल, ज्याच्या पायांत गोळे येतील, जो रस्त्याच्या कडेला बसून बायकोला फोन करून रडेल, तो मागच्याचा. साकिरान पूर्वी सायकलदुरुस्तीचं दुकान चालवायचा, म्हणून हे काम त्याच्याकडे आलं. गावात घरोघर मोटरसायकली आल्या आणि दुकान बंद पडलं, पण काम काही सुटलं नाही.

हे डोंगर उंच नाहीत, तीच तर मेख आहे. उंच डोंगर एकदा चढला की चढला. आमच्याकडे उपड्या घातलेल्या वाट्यांसारखी टेकाडंच टेकाडं आहेत, नजर जाईल तिथवर, आणि रस्ता त्यांच्यामधून चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. उताराचं सुख घशाखाली उतरायच्या आत पुढचा चढ समोर उभा. त्यात ऑगस्ट म्हणजे सागाला पान नाही, तळ्यांचा तळ भेगाळलेला, आणि पांढऱ्या दगडावरून ऊन उलटं तोंडावर येतं. शहरातल्या लोकांना हे बघायला आवडतं. आवडो बापडं.

साकिरानचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून वाळू भरल्यासारखा करकरत होता. या वर्षी त्याची बायको रुबियेम हिने अंगणातच निकाल लावला.

"यंदा गुरुजींचा फोन आला की सांगायचं, येणार नाही म्हणून."

"सांगतो की."

"तुमचं 'सांगतो की' मला माहितीय. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, तुम्ही कुणाला नाही म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. लग्नालासुद्धा तुम्ही माझ्या बापाला भिऊनच हो म्हणालात."

"तसं काही नाही हं."

"बघा! इथंसुद्धा धड नाही म्हणता आलं नाही."

गुरुजी म्हणजे प्रासोजो गुरुजी, मंडळीतले सगळ्यांत वडील. तरुणपणी ते खालच्या इमोगिरीहून सायकलने घाट चढून साकिरानच्या गावात शाळा शिकवायला यायचे. साकिरान त्यांच्याकडून बाराखडी आणि पाढे शिकला होता, आणि एकदा वर्गात झोपल्याबद्दल कानही पिळून घेतला होता. ज्या माणसाने आपला कान पिळलाय त्याला नाही कसं म्हणायचं?

पण खरं कारण निराळंच होतं. सात वर्षांपूर्वी गुरुजींची बायको गेली. मुलं लांब, घरात एकटे. त्या ऑगस्टात ते मंडळीबरोबर निघाले तेव्हा चेहरा पाहवत नव्हता. हळूहळू चालवत ते सारखे मागे पडायचे, आणि मागे पडलेला तो साकिरानचा. दोघे अख्खी वाट बरोबर आले. तेव्हापासून साकिरानने मनाशी धरलं, की म्हाताऱ्याला वर्षाकाठी एवढाच काय तो आनंद आहे. मी नसलो तर त्यांच्यासाठी मागे थांबणार कोण? यासाठी तो गुडघा फरफटत होता, आणि हे त्याने रुबियेमलाही कधी सांगितलं नव्हतं.

फोन आला. रुबियेम हातात पळी घेऊन समोर उभी राहिली.

"साकिरान, यंदा येतोयस ना?" गुरुजींनी विचारलं. "म्हणजे... तुझी इच्छा असेल तर हं."

"इंग्गिह, गुरुजी," साकिरान म्हणाला आणि फोनसमोर वाकला.

"तुझ्यासाठीच म्हणून मी..."

"इंग्गिह, इंग्गिह. मी आहेच."

"मग टायरची एक जादा जोडी घेशील का? आपला चिटणीस पांजी म्हणत होता, बरी असते सोबत."

"इंग्गिह."

फोन ठेवल्यावर रुबियेमने पळी पातेल्यात आपटली. नकार द्यायला गेलेला माणूस टायर घेऊन परत आला होता. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. आमच्याकडे ती सख्खी बहीण आहे आणि माहेरीच मुक्कामाला असते.

"वाटेत सांगतो," तो म्हणाला. "समोरासमोर बरं पडतं."

"समुद्र यायच्या आत सांगितलं नाहीत," रुबियेम म्हणाली, "तर तिथंच राहा. मासे पकडा."

इमोगिरीच्या घाटाखाली सगळे जमले. रंगीबेरंगी कपडे, काळे चष्मे, फोटो. मंडळीचा चिटणीस पांजी हा शहरातला उत्साही पोरगा. त्याने शिट्टी फुंकली आणि पुढचे वाऱ्यासारखे गेले. पहिल्या वळणावर साकिरान आणि गुरुजी दोघेच उरले. ते सायकलवरून उतरले आणि ढकलू लागले. त्याबद्दल कुणालाच काही वाटलं नाही, दरवर्षी तसंच व्हायचं.

साकिरानने ठरवलं, घाट संपला की सांगायचं. घाट संपला तेव्हा गुरुजी दगडावर बसून इतके धापा टाकत होते, की त्या वेळी काही बोलणं म्हणजे खुनाचा प्रयत्न झाला असता. मग ठरवलं, पुढच्या टेकाडावर. पुढच्या टेकाडावर त्याचाच गुडघा असा कळवळला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला त्याला तोंड फिरवावं लागलं.

"किती सुंदर आहे, नाही?" गुरुजी म्हणाले. त्यांचे डोळे अर्धे मिटलेले होते.

"फारच सुंदर," साकिरान म्हणाला. तो पुढच्या चाकाकडे बघत होता.

"तुला हे डोंगर फार आवडतात."

"तुम्हालाही."

"हो, हो."

समोरून पाण्याचा टँकर घरघरत गेला आणि दोघांच्या अंगावर पांढरी धूळ बसली. कुणी झटकली नाही. झटकून तरी काय, पुढे आणखी होतीच. साकिरानला इतका थकवा आला होता की तो फक्त पायांत नव्हता. इतकी वर्षं तोंडात साठलेल्या न बोललेल्या वाक्यांचाही भार असतो आणि तो उतारावरसुद्धा कमी होत नाही. त्याला गुरुजींची माया वाटत होती आणि त्यांचा रागही येत होता. आपल्याला राग येतोय याची लाज तर सगळ्यांत जास्त वाटत होती.

पांग्गांगच्या खिंडीत यू सुलिकाहची टपरी आहे. यू म्हणजे ताई, पण हिला ताई म्हणताना लोक जरा अंतर राखूनच म्हणतात. ती सुराबायाकडची, इथल्या खाणकामगाराशी लग्न करून आली. तिकडची माणसं मनात येईल ते तोंडावर बोलतात आणि वर हसतात. इतकी वर्षं इथं राहून तिला आमची रीत लागली नाही. तिला ती लावून घ्यायचीही नव्हती.

"आली का शेपटी!" तिने लांबूनच हाक मारली. "पुढचे कधीच चरून गेले. बसा. मढ्यांवरसुद्धा यापेक्षा तजेला असतो."

गुरुजी मागच्या रांजणावर हातपाय धुवायला गेले. सुलिकाहने साकिरानपुढे लाल भात, हिरव्या मिरचीची आमटी आणि कडक गोड चहा ठेवला आणि त्याच्या पायाकडे पाहिलं.

"गुडघा सुजलाय, कांग," ती म्हणाली, म्हणजे दादा. "त्या पायाने हे धंदे कशाला करता?"

ती परकी होती म्हणून असेल, किंवा चहा गरम होता म्हणून असेल, साकिरानच्या तोंडून बाहेर पडलंच.

"गुरुजींसाठी. दुसरं काय आहे त्यांना? बायको गेल्यापासून एकटेच आहेत. माझं विचाराल तर मला हे चढ डोळ्यांसमोर नकोत. पण त्यांना कसं सांगू? मन मोडेल हो त्यांचं."

सुलिकाह डाव हातात धरून तशीच उभी राहिली. मग तिला हसू फुटलं, आणि ते इतकं वाढलं की तिला बाकावर बसावं लागलं.

"अगं आई गं! अहो, गेल्या साली तुम्ही त्या पोराचं पंक्चर काढत होता ना बाहेर, तेव्हा म्हातारा याच बाकावर बसून मला काय म्हणाला ठाऊक आहे? म्हणाला, माझ्याच्याने होत नाही आता, पण त्या साकिरानसाठी यावं लागतं. दुकान बुडालं, पोरगा लांब बाटाम बेटावर कारखान्यात गेला, त्याला दुसरं काय आहे? मी नाही आलो तर बिचाऱ्याचं मन मोडेल!"

"हळू बोला," साकिरान कसाबसा म्हणाला.

"का हळू? मी काय चोरी केलीय?" तिने मान वळवली. गुरुजी तोंड पुसत दारात उभे होते. "या गुरुजी, बरे आलात. याला यायचं नव्हतं. तुम्हालाही यायचं नव्हतं. तो तुमच्यासाठी येतो, तुम्ही त्याच्यासाठी येता. आता तुम्ही दोघं मला सांगा, हे चढ नक्की चढतंय कोण?"

आमच्या डोंगरात असं कुणी बोलत नाही. गुरुजी बाकाच्या टोकाला बसले. त्यांनी पंच्याची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

"खरं आहे का, साकिरान?" त्यांनी विचारलं.

साकिरानच्या जिभेवर 'इंग्गिह' आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते खरं उत्तर होतं. पण ते बाहेर पडेना. त्याने नुसती मान डोलावली.

"सात वर्षं," गुरुजी म्हणाले.

ऐकणाऱ्याला वाटेल, दोघे सुटले, हसायला हवं होतं. पण साकिरानला हसू आलं नाही, त्याला लागलं होतं. आपण कुणाला तरी सांभाळतोय, एवढ्या मोठ्या माणसाला आपली गरज आहे, या एका विचारावर त्याने इतके चढ काढले होते. आणि म्हातारा तर त्याची कीव करून येत होता. दुकान बुडालेला, पोरगा लांब गेलेला बिचारा साकिरान! त्याने गुरुजींकडे चोरून पाहिलं. गुरुजींचा चेहराही तसाच उतरला होता, म्हणजे त्यांनाही तेच लागलं होतं.

एवढं होऊनही दोघे उठले आणि सायकली घेऊन निघू लागले. कारण पुढे मंडळी वाट बघत होती, आणि 'आता नको' हे आधी कुणी म्हणायचं, हा प्रश्न होताच. शेवटी सुलिकाहनेच रस्त्यात उभी राहून समुद्राकडच्या वाडीला पाणी घेऊन चाललेला टँकर अडवला.

"यांना घे," ती ड्रायव्हरला म्हणाली. "सायकली वर बांध. आणि यांना काही विचारू नकोस, हे कशालाही हो म्हणतील."

टँकरमध्ये ड्रायव्हर आणि दोघे, खांद्याला खांदा लावून बसले. तेपुसकडची टेकाडं खिडकीतून एकामागून एक मागे जात होती, आणि त्यांतली एकही चढावी लागत नव्हती. साकिरानला पहिल्यांदा दिसलं, की ती खरंच सुंदर आहेत. त्याने ते गुरुजींना सांगितलं नाही.

समुद्रावर सरपंचाच्या अंगणात मुक्काम होता. सूर्य बुडायच्या सुमाराला चटया पसरल्या, तळलेले मासे आले, आमच्याकडे आवडीने खातात ते कुरकुरीत तळलेले नाकतोडे आले. टँकरमधून उतरलेल्या शेपटीची सगळ्यांनी प्रेमाने टिंगल केली. मग पांजी हातात माईक घेऊन उभा राहिला.

"पुढच्या वर्षी आपण तीन दिवस जाणार!" तो म्हणाला. "पूर्वेकडची टेकाडंसुद्धा. आणि ही सफर आपल्या लाडक्या जोडीच्या नावाने: गुरुजी आणि कांग साकिरान! या दोघांशिवाय आपली मंडळी पुरी होईल का?"

"नाही!" सगळे ओरडले. हे 'नाही' किती सहज येत होतं त्यांना.

"मग गुरुजी, पुढच्या वर्षी नक्की ना?"

टाळ्या सुरू झाल्या. साकिरानने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी हसत होते, मान लवत चालली होती आणि ओठ 'इंग्गिह'साठी उघडत होते. दुपारी एवढं झालं तरी! त्या टाळ्यांपुढे म्हातारा हो म्हणणार होता, आणि मग साकिरानलाही म्हणावं लागणार होतं, आणि पुढच्या ऑगस्टात दोघे पुन्हा त्या पांढऱ्या धुळीत एकमेकांना ओढत असणार होते. आणि कधीतरी त्यांतला एखादा घरी परतलाच नसता.

"नाही," साकिरान म्हणाला.

पांजी हसला. "कांग थट्टा करतायत!"

"थट्टा नाही." साकिरान उठून उभा राहिला. उभं राहताना गुडघा कटकन वाजला. "गुरुजी दमलेत. मीसुद्धा दमलोय. आम्ही पुढच्या वर्षी येणार नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही."

टाळ्या विस्कटून थांबल्या. लोक आपापल्या ताटात बघू लागले. एका बाईने उगीचच मीठ मागितलं. वडीलधाऱ्या माणसाच्या वतीने, चारचौघांत, त्यांना न विचारता नाही म्हणायचं, म्हणजे आमच्याकडे त्यांच्या तोंडात मारल्यासारखंच. साकिरान खाली बसला. गुरुजी समुद्राकडे पाहत होते आणि त्यांनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी परतीच्या ट्रकमध्येही ते बोलले नाहीत. गुरुजींना दारापर्यंत सोडायला दरवर्षीसारखा निघालेला साकिरान मागे सायकलींच्यात बसून स्वतःला शिव्या घालत होता. इतकी वर्षं जपलेलं एका शब्दात मोडलं. आता उतरल्यावर पायाशी वाकून माफी मागायची आणि पुन्हा तोंड दाखवायचं नाही, असं त्याने घाट उतरेपर्यंत ठरवून टाकलं.

गुरुजींच्या फाटकाशी ट्रक थांबला. साकिरानने त्यांची सायकल उतरवली आणि भिंतीला टेकवून ठेवली. तो वाकणार एवढ्यात गुरुजी म्हणाले, "आत ये. चहा घेऊन जा."

हे ते दरवर्षी म्हणायचे. फाटकापाशी माणूस आला की असं म्हणायचं असतं, आणि समोरच्याने 'पुन्हा कधीतरी, उशीर होतोय' म्हणून हात जोडायचे असतात. चहा काही कुणी टाकलेला नसतो. साकिरानने दरवर्षी हात जोडले होते. आताही ते जोडण्यासाठी वर आले, आणि मध्येच राहिले. परत जाऊन करायचं काय होतं? आणि आज गेलो तर हा माणूस पुन्हा कुठं भेटणार?

"येतो," तो म्हणाला.

गुरुजी चपापले. मग त्यांनी घाईने कुलूप काढलं.

आत हवा कोंदलेली होती. पुढच्या खोलीत खुर्च्यांवर चादरी घातल्या होत्या, आणि भिंतीवर गुरुजींच्या गेलेल्या बायकोचा फोटो होता. गुरुजी स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ डबे वाजत राहिले. साखर मुंग्यांनी भरलेली निघाली. कप एकच होता, म्हणून दुसरा चहा त्यांनी पेल्यात ओतला आणि पेला आपल्याकडे घेतला. तो इतका गरम होता की त्यांना बोटं सारखी बदलावी लागत होती.

"माझ्या तोंडात 'हो'च आलं होतं काल," ते म्हणाले.

"मी पाहिलं, गुरुजी. माफ करा."

"माफ कशाला?" गुरुजींनी पेला खाली ठेवला. "रात्री अंथरुणावर पडलो आणि अंगातून काहीतरी ओझं उतरल्यासारखं वाटलं. पण मग विचार आला, आता तू कशाला येशील? तुझ्याबरोबरच्या त्या दोन दिवसांसाठीच मी चढ चढायचो, आणि सांगायचो मात्र, तुझ्यावर दया म्हणून येतो. चढ नको होते रे मला. तू हवा होतास."

साकिरानने कप जमिनीवर ठेवला आणि बाहीने डोळे पुसले, आणि या वेळी तोंड फिरवलं नाही. बाहेर ट्रकवाल्याने हॉर्न दिला. साकिरानने खिडकीतून त्याला हात केला, की तू जा.

"परत कधी येशील?" गुरुजींनी विचारलं.

साकिरानने जरा विचार केला. "गुरुवारी येतो. बसने."

"बसनेच ये," गुरुजी म्हणाले.